४८ अक्षरांची चावी: आंब्याच्या हंगामात मॅट्रिक्स

फोनवरचे एखादे ॲप अडले की आपल्याकडे उपाय ठरलेला असतो: काढून टाका आणि परत घ्या. बाजारातला मोबाईल दुरुस्त करणाराही तेच सांगतो आणि बहुतेक ॲपना ते लागूही पडते. मॅट्रिक्सवर, म्हणजे आमचा गट ज्या व्यवस्थेतून एकमेकांना संदेश पाठवतो तिथे, मात्र हे करणे म्हणजे कुलूप घट्ट फिरते म्हणून चावी विहिरीत टाकणे. ॲप काढले की त्या फोनमधल्या, संदेश उघडणाऱ्या चाव्या गेल्या. परत टाकले की सर्व्हरच्या लेखी तो नवाच फोन, आणि जुन्या संदेशांच्या जागी ‘हा संदेश उघडता येत नाही’ अशा करड्या ओळींची रांग. पहिल्या हंगामात आमच्या गटात आलेल्या बहुतेक तक्रारी इथूनच निघाल्या, म्हणून सुरुवात इथून.

गट सतरा जणांचा. देवगड तालुक्यातले बागायतदार, शेडमध्ये पेट्या भरणारे, वाशीच्या मार्केटात माल उतरवून घेणारे दोघे, आणि ठाणे-डोंबिवलीला राहून बागेचे हिशेब बघणारे चाकरमानी. बोलणे रोजचेच: आज चार डझनी किती पेट्या निघाल्या, पाच डझनी किती, गाडी किती वाजता सुटली, घरपोच मागवणाऱ्यांचे पत्ते, आणि दर. व्हॉट्सॲपचे संदेशही टोकापासून टोकापर्यंत एन्क्रिप्टेड असतात, तेव्हा तिथे कोणी वाचील या भीतीने आम्ही निघालो असे नाही. अडचण नंबरची होती. तिथे खाते म्हणजे फोन नंबर. मुख्य फोन एक, त्याला जोडलेली उपकरणे जास्तीत जास्त चार, आणि मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर ती सुटतात. शेडमधला लॅपटॉप कोणा एकाचा नाही. वर कातळावर एका कंपनीची रेंज, खाली खाडीकाठी दुसऱ्याच कंपनीची, म्हणून कित्येकांकडे दोन सिम आणि दोन फोन. मॅट्रिक्सला नंबर लागत नाही. खाते नावावर असते आणि फोन, टॅब, लॅपटॉप ही सगळी उपकरणे बरोबरीची.

मॅट्रिक्स हे ॲपचे नाव नव्हे. संदेश देण्याघेण्याच्या खुल्या नियमांचे ते नाव आहे, आणि ते काम २०१४ पासून चालू आहे. रचना ईमेलसारखी: प्रत्येकाचे खाते कुठल्या तरी सर्व्हरवर, आणि वेगवेगळ्या सर्व्हरवरची माणसे एकाच खोलीत (इथे गटाला खोली म्हणतात) बोलू शकतात. ॲप कुठलेही चालते. एलिमेंट सर्वांत प्रसिद्ध (२०२० पर्यंत त्याचे नाव रायट होते), शिवाय फ्लफीचॅट, सिनी, नेको वगैरे. फ्रान्स सरकारचे कर्मचारी वापरतात ते ‘चॅप’ याच पायावर उभे आहे. आपल्याकडे एक गोष्ट आधी माहीत हवी. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवादाचे कारण देऊन १४ मेसेजिंग ॲपवर बंदी घातली, त्या यादीत एलिमेंट होते. यादीत नाव ॲपचे होते, मॅट्रिक्सचे नव्हे. तरी काही बसवण्यापूर्वी आजची स्थिती काय आहे ते स्वतः बघून घ्या. खाली सांगितलेल्या गोष्टी सगळ्या ॲपमध्ये थोड्याफार याच शब्दांत सापडतात.

सर्व्हर कुठे ठेवायचा

मॅट्रिक्स डॉट ऑर्ग या सार्वजनिक सर्व्हरवर खाते काढून सुरुवात करता येते, आणि चार-पाच माणसांपुरते तेच बरे. पण सगळी अंडी एकाच टोपलीत जातात. २ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या डिस्क बिघडल्या आणि ५५ टेराबाइटचा डेटाबेस परत उभा करायला साधारण एक दिवस लागला. तेवढा वेळ तिथल्या खातेदारांचे बोलणे बंद. ज्यांचा सर्व्हर वेगळा, त्यांचे आपापसात चालू. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस बोलणे बंद म्हणजे काय, ते बागायतदाराला सांगायला नको.

मग स्वतःचा सर्व्हर घरी माळ्यावर ठेवायचा का? ठेवू नका. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्यालगत गेले तेव्हा कित्येक गावांत कित्येक दिवस लाईट नव्हती. वादळ नसले तरी मे अखेरीस आणि परतीच्या पावसात विजा होतात, आणि खांबावरून आलेली वायर राउटर घेऊन जाते. शिवाय घरगुती इंटरनेटला बहुतेक वेळा स्वतंत्र पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, मिळत नाही. शेकडो घरे एका आयपीमागे असतात, त्यामुळे बाहेरून कोणी आपल्या सर्व्हरपर्यंत पोचूच शकत नाही. आम्ही भाड्याचा छोटा व्हीपीएस (दुसऱ्याच्या मोठ्या संगणकातला आपल्यापुरता तुकडा) घेतला: २ जीबी रॅम, डेबियन लिनक्स, त्यावर सिनॅप्स हा मॅट्रिक्सचा सर्व्हर-प्रोग्राम. सतरा जणांना हे पुरते, एका अटीवर. कोणीही हजारो माणसांच्या सार्वजनिक खोलीत शिरायचे नाही. आपल्या सर्व्हरवरचा एक माणूस जरी तसल्या खोलीत गेला तरी त्या खोलीचा सगळा पसारा आपल्या सर्व्हरला ओढावा लागतो, आणि २ जीबीचा सर्व्हर धापा टाकायला लागतो. सिनॅप्समध्ये खोल्यांच्या आकारावर मर्यादा घालायची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करा.

बसवताना अडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली ‘सर्व्हर नेम’. खात्याच्या नावात कोलननंतर जे येते ते हे, आणि एकदा ठरले की बदलता येत नाही. म्हणून इथे लांबलचक उपडोमेन न टाकता मुख्य डोमेन टाका, आणि सर्व्हर प्रत्यक्षात कुठे आहे ते त्या डोमेनवरच्या ‘वेल-नोन’ फोल्डरमधल्या दोन छोट्या फायलींतून सांगा. एक फाईल इतर सर्व्हरसाठी, दुसरी ॲपसाठी. दुसऱ्या फाईलला ‘कुठल्याही पानावरून वाचायला परवानगी’ असा हेडर लागतो. तो राहिला तर फोनवरून लॉगिन होते, ब्राउझरमधून होत नाही, आणि माणूस तासभर पासवर्डला शिव्या घालतो.

दुसरी जागा डेटाबेस. सिनॅप्स मुकाट्याने एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर चालू होतो, पण खऱ्या वापराला पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस हवा, आणि तो बनवताना कोलेशन (अक्षरांचा क्रम ठरवणारी सेटिंग) ‘सी’ हवे. तिसरी आमच्या कामाच्या दृष्टीने सर्वांत त्रासाची. सिनॅप्सच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवला असेल तर तो मुळात १ एमबीपेक्षा मोठी फाईल आत सोडत नाही. सिनॅप्सची स्वतःची मर्यादा ५० एमबी आहे, पण तिच्यापर्यंत फोटो पोचतच नाही. लक्षण असे: मजकूर सुळकन जातो, डागी फळाचा फोटो मात्र ‘पाठवता आला नाही’. नेटला दोष देऊ नका, एनजिनएक्समधली बॉडी-साइजची ओळ वाढवा. चौथी सर्टिफिकेट. लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळणारे ९० दिवस चालते, नेहमीच्या पद्धतीने आपोआप नवे होण्यासाठी ८० नंबरचा पोर्ट उघडा लागतो, आणि सुरक्षेच्या नावाखाली कोणी तो बंद केला तर तीन महिन्यांच्या आत एका सकाळी सगळ्यांचे एकदम बंद पडते.

नवी खाती बाहेरच्यांना उघडता येऊ नयेत, म्हणून नोंदणी बंदच ठेवली. तशी ती मुळात बंदच असते. खाती सर्व्हरवरच्या कमांडने एकेक बनवली. कॉलच्या वाटेला आम्ही गेलो नाही. त्यासाठी आणखी एक-दोन सर्व्हर लागतात, आणि बोलायला साधा फोन आहेच.

चाव्या दोन, आणि दोन्ही वेगळ्या

जाणत्या मंडळींना समजावताना सर्वांत जास्त वेळ इथे गेला. पासवर्ड ही फाटकाची चावी. सर्व्हरवर आपण कोण ते ती सांगते, आणि हरवली तर सर्व्हर सांभाळणारा बदलून देऊ शकतो. रिकव्हरी की ही आतल्या कपाटाची. ती सर्व्हरकडे नसतेच, म्हणून ती कोणी परत देऊ शकत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याला कितीही गाऱ्हाणे घातले तरी नाही. एन्क्रिप्शन खरे असण्याची ही किंमत आहे. या भागात जो घाई करतो त्याला ती जूनमध्ये मोजावी लागते.

कपाटात काय असते? प्रत्येक उपकरण संदेश पाठवताना त्या खोलीसाठी एक चावी बनवते आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या प्रत्येक उपकरणाला ती वेगळी एन्क्रिप्ट करून पाठवते. ही मेगोल्म पद्धत. नेहमीच्या सेटिंगमध्ये १०० संदेश किंवा एक आठवडा, जे आधी होईल तेव्हा चावी बदलते. सतरा जण आणि प्रत्येकी दोन-तीन उपकरणे म्हणजे हंगामात अशा चाव्यांचा ढीग होतो. हा ढीग एन्क्रिप्ट करून सर्व्हरवर ठेवतात, त्याला की बॅकअप म्हणतात. तो उघडणारी गुप्त किल्ली, आणि ‘ही सगळी उपकरणे माझीच’ असे सही करून सांगणाऱ्या क्रॉस-सायनिंगच्या किल्ल्या, सगळ्या रिकव्हरी कीने बंद केलेल्या असतात.

बॅकअप नसेल तर काय होते, ते एप्रिल २०१९ मध्ये दिसले. मॅट्रिक्स डॉट ऑर्गच्या यंत्रणेत कोणी घुसले आणि खबरदारी म्हणून सगळ्यांना लॉगआउट करावे लागले. ज्यांनी चाव्या कुठेच साठवल्या नव्हत्या त्यांचे जुने एन्क्रिप्टेड संदेश तिथेच संपले. घुसखोराला ते वाचता आले नाहीत, आणि मालकालाही.

रिकव्हरी की ४८ अक्षरांची असते, चार-चारचे बारा गट. प्रत्येकाची सुरुवात मोठा ‘ई’ आणि छोटा ‘एस’ अशीच होते. तसे नसेल तर तुम्ही दुसरेच काहीतरी उतरवले आहे. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पाळावा लागतो. गोंधळ टाळण्यासाठी चार चिन्हे या लिपीतून वगळलेली आहेत: शून्य, मोठा ‘ओ’, मोठा ‘आय’ आणि छोटा ‘एल’. म्हणजे गोल दिसला तर तो छोटा ‘ओ’च, आणि बिनटिंबाची उभी रेघ दिसली तर तो १ हा आकडाच. एवढे कागदाच्या वर लिहून ठेवले की वाचताना भांडण होत नाही. मधल्या रिकाम्या जागा टाकल्या काय, न टाकल्या काय, चालते. शेवटी तपासणीचा भाग असतो, त्यामुळे एक अक्षर चुकले तरी ॲप लगेच नाही म्हणते.

तिचा स्क्रीनशॉट काढून त्याच फोनच्या गॅलरीत ठेवणे म्हणजे पेटीची किल्ली पेटीत. गटातच टाकणे त्याहून वाईट. कागदच बरा, पण कोकणातला कागद. जेल पेनाची शाई जुलैच्या दमटात पसरते, बॉलपेनची टिकते. भिंतीतल्या लाकडी कपाटात वाळवी येते. रेशनकार्ड आणि सातबाराचे उतारे जिथे राहतात त्या पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि दुसरी प्रत मुंबईच्या घरी.

नवे उपकरण जोडताना

क्रम हा ठेवा. आधी सर्व्हरचे नाव. ॲप स्वतःहून मॅट्रिक्स डॉट ऑर्ग दाखवते, ते बदलून आपले टाका. निम्म्या लोकांचे ‘पासवर्ड चुकला’ इथेच घडते. मग नाव आणि पासवर्ड. मग ॲप म्हणते, हे उपकरण व्हेरिफाय करा, म्हणजे ते तुमचेच आहे हे पटवून द्या. इथे ‘नंतर’ दाबायचा मोह होतो. तो दाबला की लॉगिन झालेले असते, नवे संदेशही कदाचित दिसतात, पण जुने उघडत नाहीत आणि इतरांना तुमच्या नावाशेजारी लाल खूण दिसते. माणसाला वाटते झाले काम, आणि आठवड्याने तक्रार येते.

व्हेरिफाय करायचे मार्ग दोन: आधीचे उपकरण हातात असेल तर त्याच्याशी जुळवणे, नसेल तर रिकव्हरी की. जुळवताना दोन्ही पडद्यांवर सात चित्रे येतात. ती ६४ चित्रांच्या ठरलेल्या यादीतून निघतात, आणि चित्रे व क्रम दोन्ही सारखे असले तरच ‘जुळले’ दाबायचे. लॅपटॉप शेडमध्ये आणि फोन बागेत असेल तर चित्रे साध्या फोन कॉलवर वाचून दाखवा, त्याच चॅटवर लिहून पाठवू नका. ज्या वाटेची खात्री करायची, तीच वाट खात्रीला कशी चालेल? चित्रांची नावे आधी ठरवलेली बरी. मासा, कोंबडा, छत्री, घंटा यांना अडचण नाही. शिंगवाल्या घोड्याला आणि पांडाला नावे शोधावी लागली, आणि नांगर म्हटल्यावर शेतकऱ्याने औताचा शोधला, चित्र होडीच्या नांगराचे होते. यादीत केळे, सफरचंद, स्ट्रॉबेरी, मका एवढे सगळे आहे. आंबा नाही.

‘क्यूआर स्कॅन करून लॉगिन’ आणि ‘क्यूआरने व्हेरिफाय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी सर्व्हरवर वेगळी प्रमाणीकरण सेवा बसवलेली लागते. नुसत्या सिनॅप्सवर ते बटण मिळत नाही. इमोजीची पद्धत सगळीकडे चालते, म्हणून आम्ही तेवढीच शिकवली.

व्हेरिफाय झाल्या झाल्या सगळे जुने संदेश उघडत नाहीत. चाव्या बॅकअपमधून हळूहळू उतरतात, आणि बागेतल्या एका दांडीच्या रेंजवर याला बराच वेळ लागतो. ॲप उघडे ठेवून चहा घ्या. मध्येच ‘बिघडले’ म्हणून लॉगआउट करणारे भेटतात. त्यांचे पहिल्यापासून.

आपली उपकरणे व्हेरिफाय करणे आवश्यक, माणसे व्हेरिफाय करणे ऐच्छिक. मे २०२० पूर्वी समोरच्याचे प्रत्येक उपकरण वेगळे तपासावे लागे. आता माणूस एकदा तपासला की त्याने स्वतः सही केलेली सगळी उपकरणे त्यात आली. तरी सतरा जणांनी एकमेकांना तपासायचे म्हणजे १३६ जोड्या होतात, आणि तेवढा उत्साह कोणालाच नसतो. पैशांचे बोलणे ज्यांच्यात होते त्या चौघांनी तेवढे केले: सहा जोड्या, एक संध्याकाळ.

संदेश उघडत नाही तेव्हा

आधी कोणाला उघडत नाही ते विचारा. सगळ्यांना उघडत नसेल तर घोटाळा पाठवणाऱ्याच्या उपकरणात आहे. एकालाच, तेही एकाच उपकरणावर उघडत नसेल, तर बहुतेक ते उपकरण व्हेरिफाय झालेले नाही. दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाचा संदेश असेल तर थोडा वेळ थांबा: संदेश आणि चावी वेगवेगळ्या वाटेने येतात, कधी चावी मागून पोचते आणि ओळ आपोआप उघडते. नव्या माणसाला तो गटात येण्यापूर्वीचे बोलणे दिसणार नाही असेच धरून चाला. त्याला जुना दर हवा असेल तर कोणीतरी परत लिहा. आणि कोणाच्या सेटिंगमध्ये ‘व्हेरिफाय न केलेल्या उपकरणांना पाठवू नये’ चालू असेल, तर त्याचे संदेश निवडक लोकांनाच उघडत नाहीत. हे शोधायला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण ज्याला त्रास होतो त्याच्याकडे दोष नसतो.

काय करू नये याची यादी मोठी आहे. ॲप काढू नका, ते वर आलेच. अँड्रॉइडच्या सेटिंगमधले ‘क्लिअर स्टोरेज’ दाबू नका, त्याने चाव्या पुसल्या जातात. ॲपच्या आतले ‘क्लिअर कॅश’ चालते, त्याने फक्त खोल्या नव्याने उतरतात. नवा फोन घेतल्यावर कंपनीच्या कॉपी करणाऱ्या ॲपने मॅट्रिक्सचा डेटा उचलून नेऊ नका. दोन फोन स्वतःला एकच उपकरण समजू लागतात आणि दोघांच्याही चाव्या विस्कटतात. नव्या फोनवर नवे लॉगिनच करा. शेडच्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये वापरत असाल तर खासगी खिडकीत उघडू नका, आणि ‘बंद करताना कुकीज पुसा’ ही सोय त्या पानापुरती बंद ठेवा. नाहीतर रोज सकाळी तो लॅपटॉप नवे उपकरण असतो. सेशनच्या (लॉगिन असलेल्या उपकरणांच्या) यादीत एकाच नावाची वीस भुते दिसली तर हेच कारण.

सर्व्हर सांभाळणाऱ्यासाठी दोन गोष्टी. कोणी पासवर्ड विसरला आणि ॲडमिनच्या वाटेने तो बदलून दिला, तर सिनॅप्स मुळात त्या माणसाची सगळी उपकरणे लॉगआउट करतो. रिकव्हरी कीही सापडत नसेल तर त्याची शेवटची चालू चावीही आपणच काढून घेतली असे होते. विनंतीत ‘उपकरणे लॉगआउट करू नको’ असे स्पष्ट सांगावे लागते. दुसरी, बॅकअप. पोस्टग्रेसचा डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत), मीडियाचे फोल्डर, कॉन्फिग फाईल आणि सर्व्हरची सायनिंग की (सर्व्हरच्या सहीची चावी), चारही हवेत. डंप घेताना एकदाच वापरायच्या चाव्यांच्या तक्त्यातला डेटा वगळायचा, तक्ता रिकामा राहू द्यायचा. तो जुना डेटा परत आला तर वापरून झालेल्या चाव्या पुन्हा वाटल्या जातात आणि नवे संदेश उघडेनासे होतात.

‘माझो फोन पाण्यात पडलो’

खाडीत, विहिरीत, होडीतून उतरताना. दर हंगामाला एखादा फोन जातोच. फोन बुडाला पण लॅपटॉपवर लॉगिन आहे: काहीच बिघडले नाही, नवा फोन घ्या, लॅपटॉपशी चित्रे जुळवा. दुसरे उपकरण नाही पण कागद आहे: तरी काही बिघडले नाही. दोन्ही नाही: ‘ओळख नव्याने करा’ हा शेवटचा पर्याय राहतो. खाते तेच राहते, गटातही राहता, पण जुने संदेश गेले, आणि बाकीच्या सोळा जणांना ‘यांची ओळख बदलली आहे’ अशी सूचना येते. ती आली की त्या माणसाला फोन करून आवाज ऐका, मगच पत्ते पाठवा.

फोन हरवला किंवा एसटीत राहिला, तर दुसऱ्या उपकरणावरून सेशनच्या यादीत जाऊन तो लॉगआउट करा. त्यानंतर पाठवलेल्या संदेशांच्या चाव्या त्या फोनला मिळत नाहीत. आधी उतरलेले संदेश मात्र त्याच्या पोटात राहू शकतात, म्हणून स्क्रीन लॉक हवाच. यादीत कुठला फोन कुठला ते कळावे म्हणून उपकरणांना नावे द्या. पण ती गटातल्यांनाही दिसतात, तेव्हा ‘शेड लॅपटॉप’ पुरे, पूर्ण पत्ता नको.

उघडे काय राहते

मजकूर आणि फोटो बंद, बाकी पुष्कळ उघडे. खोलीचे नाव, विषयाची ओळ, चित्र, गटात कोण आहे, कोणी कधी संदेश पाठवला, हे सर्व्हर सांभाळणाऱ्याला दिसते. संदेशाखाली दाबलेला अंगठासुद्धा एन्क्रिप्टेड नसतो. म्हणून खोलीच्या नावात दर किंवा गिऱ्हाइकाचे नाव लिहू नका. आमच्या खोल्यांची नावे ‘गाडी’, ‘शेड’, ‘हिशेब’ एवढीच आहेत. खोलीचे एन्क्रिप्शन एकदा चालू केले की बंद होत नाही. संदेश पुसला की इतर सर्व्हरना पुसायची विनंती जाते. पाळणे त्यांच्या हाती.

सूचना वेळेवर न येणे हे चाव्यांशी संबंधित नसले तरी तक्रार तीच असते. स्वस्त अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला ॲप झोपवतात. बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘निर्बंध नाही’ आणि ‘आपोआप सुरू’ अशी दोन्ही बटणे लागतात, एकाने भागत नाही. एफ-ड्रॉइड या खुल्या ॲप-भांडारातून घेतलेल्या एलिमेंटमध्ये गूगलची सूचनासेवा नसते. सूचना वेळेवर हव्या असतील तर त्याला युनिफाइडपुश या दुसऱ्या सूचनापद्धतीचे जोडीदार ॲप, उदाहरणार्थ एनटीफाय, लागते.

जूनमध्ये, कलमांना खत घालून झाले की अर्धा दिवस काढतो. प्रत्येकाने सेशनची यादी उघडून ओळखू न येणारी उपकरणे काढायची. रिकव्हरी कीचा कागद खरोखर चालतो का, ते लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये नवे लॉगिन करून बघायचे. नुसते ‘पेटीत आहे’ मोजत नाही. गेल्या खेपेला दोन कागदांवर पासवर्ड निघाला, की नव्हती. डोमेनची मुदत तपासायची, कारण डोमेन दुसऱ्याने घेतले तर सगळ्यांची नावेच त्याची होतात.

आणि नवे फोन बहुतेक दिवाळीत एक्स्चेंजवर घेतले जातात. नवा डबा देणारा माणूस दारातच जुना फोन घेऊन जातो, तो नवा चालू होईपर्यंत थांबत नाही. तेव्हा ऑर्डर देण्याच्या आधी लॅपटॉपवर लॉगिन करून व्हेरिफाय करा, कागद एकदा वाचून बघा, आणि मगच जुना फोन रीसेट करून त्याच्या हातात द्या.